स्टेलारिसचा डूमस्टॅक: २.० नं काय मोडलं आणि काय तसंच राहिलं

अंतराळात साम्राज्य उभं करायच्या गेम्समध्ये बॅलन्सवरून भांडणं कायमचीच आहेत, कुणाला एखादी स्पीशीज ओव्हरपॉवर्ड वाटते, कुणाला मिसाइल्स फालतू वाटतात, आणि अशी बहुतेक भांडणं पुढच्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) दोन आकडे खालीवर केले की शांत होतात. पण एक अडचण अशी आहे जी आकड्यांनी जात नाही. सगळी जहाजं एका ढिगात गोळा करायची, तो ढीग शत्रूच्या ढिगावर नेऊन आदळायचा, जो जिंकला त्यानं युद्ध जिंकलं, मग उरलेलं सगळं नुसतं क्लिक करत बसणं. याला डूमस्टॅक म्हणतात. या प्रकारातले जवळजवळ सगळे गेम या खड्ड्यात पडलेत, पण पॅराडॉक्स कंपनीच्या स्टेलारिस या गेमची केस बघण्यासारखी आहे कारण त्यांनी बाजारात आलेल्या, लोक रोज खेळत असलेल्या गेमचा पाया उकरून, २.० नावाच्या अपडेटमध्ये, हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला, आणि माझ्या मते त्यातलं अर्धंच जमलं. कुठलं अर्धं जमलं आणि का, ते सांगतो.

गेम आला ९ मे २०१६ ला. तेव्हा साम्राज्य बनवतानाच तीनपैकी एक प्रवासाची पद्धत निवडायची असायची. वॉर्प म्हणजे रेंजमधल्या कुठल्याही ताऱ्यावर थेट उडी, पण उडीच्या आधी आणि नंतर बराच वेळ थांबा. वर्महोल म्हणजे स्वतःचं स्टेशन बांधायचं आणि तिथून रेंजमध्ये वाटेल तिथं ताफा फेकायचा. हायपरलेन म्हणजे ताऱ्याताऱ्यांमध्ये आखलेल्या वाटांवरूनच जायचं, पण पटापट. ऐकायला भारीच वाटतं, तीन साम्राज्यं तीन तऱ्हेनं आकाशात फिरतायत. खेळायला बसलं की कळायचं की एकाच गॅलेक्सीत तीन वेगवेगळे भूगोल आहेत आणि माझा भूगोल शेजाऱ्याला लागूच होत नाही.

म्हणजे समजा मी हायपरलेनवाला. माझ्या नकाशात एक सिस्टिम (एक तारा आणि त्याचे ग्रह) अशी आहे जिथून माझ्या राज्यात शिरायला एकच वाट. मी तिथं मिनरल्स (गेममधला बांधकामाचा कच्चा माल) ओतून फोर्ट्रेस बांधला, डिफेन्स प्लॅटफॉर्म लावले, छान वाटलं. शेजारी निघाला वॉर्पवाला. त्याच्यासाठी ती वाट बीट काही नाहीच, तो तीन सिस्टिम मागं थेट माझ्या मायनिंग स्टेशन्सवर उतरतो, चार स्टेशन्स उडवतो, मी ताफा घेऊन तिकडं पोचेपर्यंत याचा पुढच्या उडीचा चार्ज भरत आलेला असतो, मी पोचलो की हा गेला, मग पुढच्या सिस्टिममध्ये परत तेच. हा पाठशिवणीचा खेळ कंटाळा येईपर्यंत चालायचा आणि मग दोघांपैकी एकजण चुकून समोर सापडायचा, एक मोठी लढाई व्हायची आणि विषय संपला. फोर्ट्रेसमध्ये शत्रूचा ताफा ओढून घेणारं मॉड्यूल होतं, नाही असं नाही, पण सगळीकडं फोर्ट्रेस बांधायला पैसा कुणाकडं आहे. त्यामुळं मल्टिप्लेअरमधला शहाणपणा एका ओळीचा होता: डिफेन्सवर छदाम घालवू नका, सगळं ताफ्यात टाका, आणि ताफा फोडू नका.

ताफा फोडू नका हे कुणी डोकं चालवून शोधलेलं नाही, ते गणितच आहे. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरनं पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये पुस्तकात मांडलं होतं की जिथं प्रत्येकजण समोरच्या कुणावरही नेम धरू शकतो तिथं सैन्याची ताकद संख्येच्या वर्गात वाढते. आता स्टेलारिसमध्ये लावून बघा. माझी १०० जहाजं, तुझी पण १००, अगदी सेम डिझाइन. तू तुझ्या दोन ५० च्या तुकड्या केल्यास, मी एकगठ्ठा आलो. पहिल्या ५० शी लढून माझी किती उरतात? १०० चा वर्ग १०,०००, त्यातून ५० चा वर्ग २,५०० वजा, उरले ७,५००, त्याचं वर्गमूळ ८७ च्या आसपास. म्हणजे तुझी ५० गेली, माझी फक्त १३. आता दुसरी तुकडी: ७,५०० वजा २,५००, ५,००० चं वर्गमूळ साधारण ७१. दोघांनी सारखाच खर्च केला होता, आणि शेवटी तुझ्याकडं शून्य, माझ्याकडं ७१. मला २९ बांधायची आहेत, तुला १००, आणि तोपर्यंत तुझे ग्रह माझ्याकडं आलेले, म्हणजे बांधायला मिनरल्स पण तुझ्याचकडं कमी. हरणारा परत उभाच राहू शकत नाही तो इथं.

याच गणिताचं दुसरं टोक म्हणजे स्वस्त कॉर्व्हेटचा, म्हणजे सगळ्यात छोट्या लढाऊ जहाजाचा, पूर. संख्या वर्गात मोजली जाते आणि एका जहाजाची क्वालिटी साधी एकपट, त्यामुळं आर्मर-शिल्ड काढून टाकलेल्या, फक्त तोफा लावलेल्या स्वस्तातल्या कॉर्व्हेट्स गठ्ठ्यानं काढल्या तर त्याच पैशात बांधलेला देखणा मिक्स ताफा मार खातो. वर कॉर्व्हेटचं इव्हेजन (मार चुकवायची क्षमता) जास्त, मोठ्या तोफांचे नेम चुकणार. सुरुवातीच्या काळात लोक यावर खूप चिडले, मग ट्रॅकिंग (तोफेची नेम धरून ठेवायची क्षमता) वगैरे आकडे आले, इव्हेजन आवरलं गेलं, पण मग पेंडुलम दुसरीकडं गेला आणि पुढच्या काळात लेट गेममध्ये लांब पल्ल्याच्या आर्टिलरी बॅटलशिप्सचे ढीग आले जे शत्रू टप्प्यात यायच्या आधीच त्याची पहिली रांग पुसून टाकायचे. जहाज बदललं, ढीग तोच. म्हणून मी म्हणतो की कुठलं शस्त्र भारी हा वाद या प्रकरणात दुय्यम आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मार्टिन अ‍ॅनवर्डनं, तो तेव्हा गेमचा डायरेक्टर होता, डेव्ह डायरीतून (गेम बनवणाऱ्यांच्या जाहीर लेखातून) जाहीर केलं की तीन प्रवास बंद, आता सगळ्यांना फक्त हायपरलेन. पुढं काही आठवड्यांत डूमस्टॅकवर पण वेगळी डायरी आली. लोक भडकले. ज्यांनी पैसे भरून वॉर्प असलेला गेम घेतला होता त्यांचं म्हणणं की आमच्याकडचं काढून घेताय, आणि तो मुद्दा खोटा नव्हताच, फीचर विकत घेतलेल्या माणसाला बॅलन्सचं लेक्चर देऊन उपयोग नसतो. पण कारण खरं होतं: जोपर्यंत प्रत्येकाचा भूगोल वेगळा तोपर्यंत खिंड, सरहद्द, किल्ला यातलं काहीच अर्थाचं होऊ शकत नाही. २२ फेब्रुवारी २०१८ ला २.० आलं, अपोकॅलिप्स या एक्सपान्शनच्या जोडीनं. अपोकॅलिप्सला पैसे होते, २.० सगळ्यांना फुकट आणि सक्तीचं, अर्थात स्टीमवर जुनं व्हर्जन निवडायची सोय होती म्हणून काहीजण १.९ वरच ठाण मांडून बसले.

२.० मध्ये डूमस्टॅकवर एका वेळी बऱ्याच बाजूंनी हात घातला होता आणि हे सगळे उपाय सारख्या कामाचे नव्हते.

सगळ्यात फसलेला उपाय आधी. कमांड लिमिट. एका ताफ्यात ठरावीक मापाचीच जहाजं, बस. पण दोन ताफे एकाच सिस्टिममध्ये उभे राहू नयेत असं कुठं लिहिलंय? पाच ताफे बॉक्स काढून सिलेक्ट केले, एकाच जागेवर राइट क्लिक केलं, किंवा चार ताफ्यांना पहिल्याच्या मागं चालायला सांगितलं, झाला डूमस्टॅक. फरक एवढाच की आता पाच अ‍ॅडमिरल लागतात. उलट यात मार कॉम्प्युटरलाच बसला, कारण एआयचे ताफे बऱ्याचदा एकामागून एक यायचे, आणि वर ते ५० अधिक ५० चं गणित केलंच आहे, तो त्या ५० च्या जागी स्वतःहून येऊन उभा राहायचा. प्लेअरला आवरायला आणलेला नियम प्लेअरच्याच पथ्यावर पडला.

दुसरा उपाय, कमी जहाजं असलेल्या बाजूला फायर रेटचा बोनस. लॉजिक असं की गर्दीत नेम धरायला टार्गेट भरपूर. कल्पना बरोबर दिशेची आहे कारण ती थेट त्या वर्गाच्या गणितावर बोट ठेवते. पण हिशेब करून बघा, ५० जहाजांना १०० शी बरोबरी करायची तर एकेका जहाजाला चौपट दम हवा, संख्या निम्मी झाली की ताकद पावपट होते म्हणून. तेवढा बोनस गेम देत नव्हता आणि देऊच शकला नसता, दिला असता तर लोकांनी मुद्दाम छोटे ताफे पाठवून त्याचाच एक्स्प्लॉइट केला असता. त्यामुळं झालं काय, तर हरणारा थोडं जास्त नुकसान करून हरायला लागला. वाईट नाही, पण ताफा फोडावासा वाटेल असं काही त्यातून झालं नाही.

तिसरा उपाय माझ्या मते सगळ्या पॅचमधला सगळ्यात चांगला आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. जहाजाचं हल (सांगाड्याची ताकद) अर्ध्याच्या खाली गेलं की त्यानंतर लागणाऱ्या माराला ते नष्ट व्हायच्या ऐवजी लढाईतून सटकायची शक्यता. कॉर्व्हेट जास्त सटकते, बॅटलशिप कमी, आणि तुमच्या वॉर डॉक्ट्रिनप्रमाणं (निवडलेल्या युद्धधोरणाप्रमाणं) हे वाढतं किंवा पार बंद होतं. याआधी पण इमर्जन्सी एफटीएल (लढाईतून प्रकाशापेक्षा जास्त वेगानं निसटणं) होतं पण तो अख्ख्या ताफ्यानं एकदम पळायचा प्रकार. आता लढाई हरली तरी ताफ्याचा बराचसा भाग फाटक्या अवस्थेत काही काळानं घरच्या स्टारबेसला (सिस्टिममधल्या तळाला) उगवतो. वरच्या हिशेबात शून्य विरुद्ध ७१ होतं, आता ते समजा ४० फाटकी विरुद्ध ८० असं काहीतरी होतं. यानं डूमस्टॅक बनणं थांबत नाही, पण एका लढाईत युद्ध संपणं थांबतं. लोकांची खरी तक्रार ढीग होतो ही नव्हतीच, एका धडकेत वीस तासांचा गेम निकालात निघतो ही होती, आणि त्या तक्रारीवर लागू पडलेलं औषध हेच.

वॉर एक्झॉशनबद्दल, म्हणजे युद्धाच्या थकव्याबद्दल, फार लिहीत नाही. नुकसान होईल तसा मीटर चढतो, शंभराला गेला की समोरचा तुमच्यावर स्टेटस को लादू शकतो, म्हणजे ज्यानं जी क्लेम केलेली (हक्क सांगितलेली) सिस्टिम काबीज केली ती त्याची आणि तह. यात विजेत्याची हाव बांधली जाते, एका युद्धात अख्खं राज्य गिळता येत नाही कारण क्लेमला इन्फ्लुअन्स (गेममधलं राजकीय वजन) लागतो. चांगलं आहे. पण रिलीजच्या वेळी त्याचे आकडे इतके चमत्कारिक होते की एकही लढाई न हरलेला माणूस दमलास म्हणून घरी पाठवला जायचा, शिव्या पडल्या, मग लवकरच शंभराला पोचल्यावर २४ महिन्यांची मुदत आली.

आता हायपरलेन आणि स्टारबेस, म्हणजे ज्यासाठी एवढं रामायण झालं ते.

एक गोष्ट इथं साफ जमली. अंतराला किंमत आली. आता प्रत्येक सिस्टिममध्ये आत शिरायचं, साध्या स्पीडनं दुसऱ्या टोकाला जायचं, मग पुढची लेन. राज्याच्या पूर्व टोकावरून पश्चिमेला जायला महिनेच्या महिने. त्यात शत्रूच्या मोठ्या स्टारबेसला एफटीएल इनहिबिटर असेल तर तो पाडल्याशिवाय पुढं जाताच येत नाही, आलात तसे मागं फिरा. म्हणजे दोन शेजाऱ्यांनी दोन बाजूंनी युद्ध पुकारलं तर एकच ढीग दोन्हीकडं पुरत नाही. इथं पहिल्यांदाच ताफा फोडायचं खरं कारण प्लेअरच्या हातात आलं, नियमानं लादलेलं नाही, नकाशातूनच आलेलं. मी २.० नंतर पहिल्यांदा मॅप उघडून बॉर्डर बघत बसायला लागलो, कुठं स्टारहोल्ड (मधल्या दर्जाचा स्टारबेस) पुरेल, कुठं सिटाडेल (सगळ्यात वरच्या दर्जाचा) हवा, कुठली सिस्टिम शेजाऱ्याच्या आधी घेतली की चार वाटा एकदम बंद होतात. १.९ मध्ये हा विचारच डोक्यात यायचा नाही.

पण चोकपॉइंटबद्दल (जिथून जायला एकच वाट अशा खिंडीबद्दल) जे कौतुक झालं ते मला पूर्ण पटत नाही. आपल्याकडं १६६१ ची उंबरखिंड सगळ्यांना माहीत आहे, कारतलबखान घाटातून कोकणात उतरत होता, सैन्य भरपूर, आणि महाराजांच्या कमी फौजेनं त्याला खिंडीत कोंडला. ते का जमलं? खिंड अरुंद होती, झाडी दाट, खानाचं सैन्य एकामागे एक लांबलेलं, म्हणजे माणसं कितीही असोत, एका वेळी लढू शकणारी थोडीच. संख्या वर्गातून बाहेर पडून साध्या बेरजेवर आली ती तिथल्या जमिनीमुळं. स्टेलारिसच्या खिंडीत असं काहीच होत नाही. हायपरलेन एकच असली तरी तिच्यातून शंभर जहाजं एकदम बाहेर पडतात आणि शंभरच्या शंभर तुमच्या सिटाडेलवर मारा करायला लागतात. खिंड फक्त रस्ता ठरवते, लढाईची रुंदी ठरवत नाही. २.० नं भूगोल नकाशावर आणला, लढाईच्या आत नाही आणला, आणि माझं या सगळ्या केसमधलं मुख्य म्हणणं हेच आहे. त्यामुळं चोकपॉइंटवर पण शेवटी ज्याचा ढीग मोठा तोच जिंकतो, फक्त कुठं जिंकेल ते आधीच माहीत असतं.

आणि यातली गंमत अशी की हे पॅराडॉक्सला कळत नव्हतं असं अजिबात नाही. त्यांच्याच युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये कॉम्बॅट विड्थ आहे, ठरावीक रेजिमेंट्सच पहिल्या रांगेत लढतात, बाकीच्या मागं वाट बघतात. शिवाय सप्लाय लिमिट आहे, गरीब प्रांतात मोठी फौज उभी केली की माणसं नुसती बसल्याबसल्या कमी होत जातात. म्हणजे ढीग आदळायची ताकद पण मर्यादित आणि ढीग सांभाळायचा खर्च पण खरा. तरी तिथं डूमस्टॅक नाहीतच असं कुणी म्हणणार नाही, पण सैन्य थोडं पसरवून चालवावं लागतं, लढाई लागली की एकत्र आणावं लागतं, ही सवय तो गेम लावतो. स्टेलारिसमध्ये यातलं एकही आलं नाही. विड्थ आणली नाही हे समजू शकतो, अंतराळात कसली आलीय रांग, लोक हसले असते. पण सप्लाय? शंभर जहाजं शत्रूच्या मुलखात वीस सिस्टिम आत गेली तर त्यांना इंधन कोण पुरवतो हा प्रश्न अंतराळात उलट जास्तच खरा वाटेल. सिस्टिममागं मर्यादा, तिच्यावर गेलात की अपकीप (देखभालीचा खर्च) वाढत जाईल किंवा दुरुस्ती बंद, एवढं जरी केलं असतं तरी कमांड लिमिट आणि फायर रेटचा बोनस असले दोन ठिगळाचे नियम लागले नसते. मायक्रो (बारीकसारीक हाताळणी) वाढेल म्हणून टाळलं असावं असा माझा अंदाज, आणि स्टेलारिसच्या लेट गेमला आधीच जेवढं क्लिक करावं लागतं ते बघता त्यांना दोष पण देववत नाही.

बरं, २.० मुळं जे मिळालं ते पण पूर्ण गेमभर टिकत नाही. अंतराला किंमत आली म्हणालो ना, ती लेट गेममध्ये गेटवे (दूरच्या सिस्टिम्समध्ये क्षणात नेणारी दारं) बांधता आले की परत फुकट होते. पूर्वेला एक गेटवे, पश्चिमेला एक, राजधानीत एक, ताफा मधोमध उभा, जिथून बोंब येईल तिकडं क्षणात हजर. शत्रूला तुमचा गेटवे वापरता येत नाही जोपर्यंत तो ती सिस्टिमच घेत नाही, म्हणजे ही सोय फक्त बचाव करणाऱ्याला, आणि बचाव करणाऱ्याला परत एकच ढीग पुरायला लागतो. जंप ड्राइव्हला (लेन सोडून थेट उडी मारणाऱ्या इंजिनाला) निदान उडीनंतर काही काळ ताफा कमजोर होतो, तिथं विचार केलेला दिसतो. गेटवेला तसलं काही नाही.

शिवाय गेम स्वतःच डूमस्टॅक मागतो. फॉलन एम्पायर (गेममधलं जुनं, बलाढ्य साम्राज्य) शेजारी बसलंय, त्याचा एकेक ताफा तुमच्या अख्ख्या नेव्हीएवढा, त्याच्यासमोर तुम्ही दहा छोटे ताफे घेऊन काय करणार. शेवटी क्रायसिस, म्हणजे अख्ख्या गॅलेक्सीवरचं संकट, येतो, प्रेथोरिन असो, अनबिडन असो, तो पण मोठमोठ्या गठ्ठ्यांनीच. एका बाजूनं ढीग करू नका म्हणून नियम आणि दुसऱ्या बाजूनं परीक्षेतला सगळ्यात मोठा प्रश्न असा की ढिगाशिवाय सुटत नाही, मग पोरं काय शिकणार. क्रायसिस जर एकाच वेळी गॅलेक्सीच्या पाच-सहा टोकांना, पण मध्यम आकाराच्या ताफ्यांनी उगवला असता तर चित्र वेगळं असतं. प्रेथोरिन पसरतात तेव्हा थोडं असं होतं आणि म्हणूनच तो क्रायसिस मला बाकीच्यांपेक्षा मजेशीर वाटतो.

पुढं २.२ मध्ये, डिसेंबर २०१८, इकॉनॉमी मुळापासून बदलली, जहाजं मिनरल्सच्या ऐवजी अलॉयवर (मिश्रधातूवर) गेली, आणि लोकांचं लक्ष परफॉर्मन्स आणि एआयच्या गोंधळाकडं गेलं. नोव्हेंबर २०२२ च्या ३.६ मध्ये लढाईवर परत मोठं काम झालं, फ्रिगेट आली, टॉर्पेडोंना मोठ्या जहाजांविरुद्ध खरी धार आली, त्यामुळं नुसत्या बॅटलशिपच्या ढिगाला उत्तर मिळालं. ते चांगलं झालं, पण ते परत कुठलं जहाज या प्रश्नाचं उत्तर आहे, किती जहाजं एका जागी या प्रश्नाचं नाही.

मित्रांबरोबर खेळणार असाल आणि डूमस्टॅकचा वैताग असेल तर गॅलेक्सी सेटअपमध्ये बऱ्याच गोष्टी हातात असतात. हायपरलेन डेन्सिटी फार कमी करू नका, लोक चोकपॉइंट मिळतील म्हणून ती तळाला नेतात आणि मग प्रत्येकाला एकच दार, एकच ढीग दारात उभा. मध्यमच्या थोडं वर ठेवली की दोन-तीन दारं तयार होतात आणि एकाच ताफ्यानं भागत नाही. अबँडन्ड गेटवे (नकाशावर आधीपासून पडलेले) शून्यावर, वर्महोलच्या जोड्या कमी. आणि गेटवे बांधायचेच नाहीत असं आपापसात ठरवून घ्या, सेटिंगमधून ते बंद करता येत नाही, त्यामुळं कुणीतरी एकजण लेट गेममध्ये गुपचूप बांधणारच, त्याचं काय करायचं ते पण आधीच ठरवा.